भाचीचा रोबो-कुत्रा पुन्हा बोलता केला (माझा अनुभव)

मालवणची खारी हवा रिमोटला मानवत नाही. भाचीच्या इन्फ्रारेडवर चालणाऱ्या कुत्र्याच्या रिमोटमधल्या पट्ट्या गंजल्या. व्हिनेगरने घासल्यावर तीनच बटणं जिवंत झाली. "मामा, तो आता बसतच नाही," म्हणून पोर रडवेली.

रिमोटचे संदेश वाचायला टीएसओपी १७३८ हा ३८ किलोहर्ट्झचा इन्फ्रारेड रिसिव्हर आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डला) जोडला. पडवीत उन्हामुळे नुसता कचरा यायचा. माजघरात गेल्यावर नोंदी स्वच्छ आल्या. तिन्ही बटणांचे संदेश १२ बिटांचे (प्रत्येक बिट ० किंवा १), पहिले ८ सारखेच, बदलत होते फक्त शेवटचे ४. म्हणजे एकूण शक्यता १६! इथे मला खरा आनंद झाला, कारण मेलेली बटणंही आता हाताशी होती.

इन्फ्रारेड एलईडी ट्रान्झिस्टरमार्फत जोडला, पेटतो का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं (डोळ्यांना तो प्रकाश दिसत नाही) आणि सोळाही संदेश दोन-दोन सेकंदांनी सोडले. अकराव्याला कुत्रा बसला. चौदाव्याला चक्क गाणं म्हणू लागला. त्याचं बटण रिमोटवर कधी नव्हतंच!

आता सगळं एका प्लास्टिकच्या डबीत बसवलंय, सांधे गरम गोंदाने बंद करून. पावसाळ्याआधी आत सिलिका जेलची पुडीही टाकणार आहे.