पिसारोचं शेत कसं पाहावं: आधी सावल्या, माणूस शेवटी

इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा उजेड आणि रंग टिपणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शैलीचं निसर्गचित्र समोर आलं की आपण 'छान आहे' म्हणतो आणि पुढे सरकतो. एकाच चित्रापाशी दहा मिनिटं थांबायचं असेल, तर त्या शैलीतल्या कामीय पिसारो या चित्रकाराचं 'झले ब्लांश' (म्हणजे गोठलेलं पांढरं दव) घ्या. गोठलेल्या दवाची सकाळ, साल १८७३, जागा पॅरिसजवळच्या पाँत्वाझ गावातून एनरीकडे जाणारा जुना रस्ता. मूळ चित्र पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात आहे. इंटरनेटवर पाहणार असाल तर मोबाइल बाजूला ठेवा आणि मोठा पडदा घ्या. चित्र ६५ बाय ९३ सेंटिमीटरचं आहे.

डोळा आधी माणसावर जाईल. पाठीवर लाकडाची मोळी, हातात काठी. त्याला तूर्त राहू द्या.

सुरुवात सावल्यांपासून करा. शेतावरून आणि रस्त्यावरून तिरक्या गेलेल्या लांब पट्ट्या दिसतील. आता त्या सावल्यांची झाडं शोधा. सापडणार नाहीत, कारण ती चौकटीबाहेर आहेत. कास्तान्यारी हा त्या काळचा समीक्षक खरं तर इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या बाजूचा, पण चित्रात नसलेल्या झाडांच्या सावल्या काढणं ही त्यालाही घोडचूक वाटली. मला मात्र चित्राची सगळी गंमत तिथेच वाटते. सूर्य दिसत नाही, झाडं दिसत नाहीत. तरी ऊन कुठून येतंय आणि सूर्य किती खाली आहे, हे जमिनीवरून कळतं.

मग रंग. कोऱ्या कागदाला शर्टाच्या गुंडीएवढं भोक पाडा आणि त्यातून फक्त सावलीचा एक तुकडा बघा. काळा रंग अपेक्षित असतो, हाती येतो निळसर करडा. भोक थोडं सरकवून उन्हातली माती पाहा, की शेजारच्या रंगामुळे डोळा कसा फसत होता ते लक्षात येईल.

यानंतर नांगराची तासं बोटाने गिरवा, अर्थात हवेत. संग्रहालयात रखवालदार असतो. तासं एका दिशेला, सावल्या त्यांना छेदत दुसरीकडे. या दोन रेषांच्या जाळ्यामुळेच जमिनीला चढउतार येतो. क्षितिज बरंच वर आहे, आकाशाला नुसती पट्टी मिळाली आहे. हे मातीचं चित्र आहे.

आता जवळ जा. जाड, कोरडे, तुटक फटकारे. १८७४च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात हे चित्र होतं, तेव्हा लुई लरुआ या समीक्षकाने 'ल शारिवारी' या व्यंगपत्रात खिल्ली उडवली होती: ही तासं नव्हेत, मळक्या कॅनव्हासवर पसरलेली रंगपाटीची खरवड आहे! नाक कॅनव्हासला लावलं तर त्याचं म्हणणं खोटं नाही. चार पावलं मागे या, की त्याच खरवडीचं शेत होतं.

शेवटी माणूस. शेतकऱ्यांची चित्रं काढणाऱ्या मिले या फ्रेंच चित्रकाराचे शेतकरी चित्रभर असतात, पिसारोचा छोटासा आहे. त्याच्यासाठी कुंचला वेगळा झालेला नाही. माती जशी रंगवली तसाच तोही.

एवढं झाल्यावर पिसारोचंच 'लाल छपरं' उघडा, १८७७चं, तेही दॉर्सेतच आहे. तिथे झाडं चौकटीत आहेत, पण थेट घरांच्या आड उभी. त्यामुळे तिथे सुरुवात फांद्यांमधल्या फटींपासून करा.