बागेत पक्षी, फुलपाखरं यावीत म्हणून काय करावं?

पक्षी यावेत असं वाटलं की बहुतेकजण आधी दाणे टाकतात. मी म्हणेन, आधी पाणी ठेवा. दाणे टिपणारे पक्षी मोजकेच असतात, तहान मात्र सगळ्यांनाच लागते.

१. पाणी. मातीचं पसरट, खरबरीत भांडं घ्या. गुळगुळीत भांड्यात पाय घसरतात. कडेला पाणी २ सेंटिमीटर, मध्ये फार तर ५. मधोमध एक दगड असा ठेवा की त्याचा माथा पाण्याबाहेर राहील, म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत. भांडं झुडपापासून दोन-तीन मीटरवर असावं. अगदी खेटून ठेवलं तर मांजर आडोशाला दबा धरून बसतं, फार लांब ठेवलं तर पक्ष्यांना लपायला जागा उरत नाही. पाणी रोज बदला आणि भांडं ब्रशने घासा. साचलेल्या पाण्यात आठवड्या-दहा दिवसांत अंड्यांचे डास होतात, आणि घाणेरड्या भांड्यातून पक्ष्यांचे रोगही पसरतात.

२. झाडं. फुलपाखरांना मधाची फुलं हवीत, तशी अंडी घालायला ठरावीक झाडंही. काहींना लिंबू लागतं, काहींना रुई. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, जवळून बघा. ती अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेली, उग्र वासाची शिंगं बाहेर काढते. थोडी पानं खाल्ल्याने मोठं झाड मरत नाही. रोप लहान असेल, तर अळ्या अलगद मोठ्या लिंबावर हलवा.

म्हणूनच कीटकनाशक फवारू नका. एरवी दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. अळ्या गेल्या की पिल्लं उपाशी.

३. एक कोपरा तसाच सोडा. पालापाचोळा, वाळकी लाकडं, दगड. बेडूक, गोगलगायी, सरडे आपसूक येतील. हा कोपरा घराच्या दारापासून लांब असू द्या.

४. धोके काढा. मोठ्या काचेत आभाळ दिसतं आणि पक्षी धडकतात. काचेच्या बाहेरच्या बाजूने ५-५ सेंटिमीटरवर ठिपके चिकटवा. नायलॉनची जाळी सैल सोडू नका, तिच्यात साप आणि पक्षी अडकतात. रात्री बागेतले दिवे बंद ठेवा.

५. पिल्लू सापडलं तर. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू उचलू नका. आईबाप जवळपास असतात आणि त्याला भरवत असतात. उघडं, बिनपिसांचं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा गैरसमज आहे. चोचीत पाणी मात्र कधीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवून वन्यजीव बचाव संस्थेला कळवा. साप दिसला तर मारू नका, पकडूही नका. लांब उभं राहून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.