जुन्या छापील मराठीत शब्द शोधताना

1897 च्या पुण्यातल्या प्लेगवर मी काम करते. सुरुवातीला ग्रंथालयात बसून तेव्हाच्या वर्तमानपत्रांच्या पिवळ्या, कडा तुटलेल्या फाइली पानापानाने वाचल्या. आता त्यातले बरेच अंक स्कॅन होऊन घरच्या लॅपटॉपवर आलेत. असं काम तुम्हीही सुरू करणार असाल, तर मला ठेच लागून जे कळलं ते सांगते.

आधी शब्दांची वही करा. एका साप्ताहिकाच्या वर्षभराच्या अंकांत मी ‘गाठ’ (प्लेगमध्ये अंगावर येते ती) शोधलं, काहीच मिळालं नाही. या पत्राने रोगाची दखलच घेतली नाही, असं टिपणात लिहूनही टाकलं. महिन्याभराने सहज एक पान वाचत होते, तर समोर छापलेलं ‘गांठ’! 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले; त्याआधीच्या छपाईत ‘गांव’, ‘कांहीं’, ‘त्यानें’, ‘पुणें’ असंच असतं. म्हणून प्रत्येक शब्द दोन्ही रूपांत शोधा. शिवाय त्या काळचे शब्द जमवा: ‘प्लेग’ होताच, पण ‘ग्रंथिक सन्निपात’ही होता, ‘मरी’ होती. घरांची ‘झडती’ शोधली की रोगाचं नाव न घेता लिहिलेल्या बातम्याही हाती लागतात. अर्थाची शंका आली की मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश बघा; शिकागो विद्यापीठाने तो ऑनलाइन शोधता येईल असा ठेवला आहे.

स्कॅनमधून मजकूर काढताना (गूगल डॉक्स किंवा टेसरॅक्ट, दोन्हींना मराठी येतं) अख्खं पान देऊ नका. वर्तमानपत्राच्या पानात रकाने असतात, आणि यंत्र कधी कधी एका रकान्याची ओळ शेजारच्या ओळीला जोडतं. एकेक रकाना कापून द्या. मग चित्र डावीकडे, मजकूर उजवीकडे ठेवून ओळीवर बोट ठेवून ताडून बघा. वेळ जातो, पण याला दुसरी वाट नाही.

तारखेकडे नीट लक्ष द्या. शकात 78 मिळवून इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात. सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या त्या 10 मार्च 1897 ला. तेव्हा शक 1818 चालू होता. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली 22 जूनला, तेव्हा 1819 लागलं होतं. फाइलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस असाच क्रम ठेवा, म्हणजे अंक आपोआप ओळीनं लागतात. सोबत पान आणि रकानाही टिपा.

शब्द सापडला की लगेच कापून घेऊन पुढे जाऊ नका, एवढं मनापासून सांगते. पूर्ण पान उघडा. एकदा झडतीच्या तक्रारीशेजारीच मला तापावरच्या औषधाची जाहिरात दिसली, खाली मुंबईहून येणाऱ्या उतारूंबद्दलची सूचना. शहर किती घाबरलं होतं ते मला त्या तिन्ही गोष्टी एकत्र वाचून कळलं. ग्रंथालयात फाइल चाळताना हे आपसूक डोळ्यांखालून जायचं. शोधाच्या खिडकीत ते दिसत नाही, मुद्दाम बघावं लागतं.

आणि लेखात उतारा देताना ‘कांहीं’चं ‘काही’ करू नका. टाइप करताना फोन ते परस्पर सुधारतो, म्हणून छपाईला देण्याआधी प्रत्येक उतारा मूळ चित्राशी पुन्हा एकदा ताडून बघा.