डिप्लोमा झालाय, एमआयडीसीत नोकरी आहे : आधी डिग्री की आधी नवी कंपनी?

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड. एमआयडीसी कुठलीही असो, तीन-चार वर्षं काढलेल्या डिप्लोमावाल्यापुढे पेच एकच असतो. पगार हलत नाही, मग शिकायचं की कंपनी बदलायची? बहुतेकांना दोन्ही करावं लागतं, पण एकदम नाही. आहे त्या कंपनीत, जिथे काम हातात बसलंय आणि साहेब ओळखीचा आहे, तिथे शिक्षण सुरू करा. दोन सेमिस्टर निघाली की कंपनी बदला. उलटं केलं तर प्रोबेशन आणि पहिलं सेमिस्टर एकाच वेळी अंगावर येतं. प्रोबेशनमध्ये रजा मागता येत नाही, कॉलेजात हजेरी भरत नाही आणि सुरुवातच एटीकेटीने होते.

त्याआधी डिग्री खरंच लागणार आहे का, ते बघा. आजच्या पदाच्या दोन पायऱ्या वरचं पद ठरवा आणि त्या पदाच्या २० जाहिराती उघडून काय-काय मागितलंय ते वहीत उतरवा. निम्म्याहून जास्त जाहिरातींत बी.ई. किंवा बी.टेक. अट म्हणून असेल, तर डिग्रीला पर्याय नाही. डिझाइन, आर अँड डी आणि मोठ्या कंपन्यांतली मॅनेजरची पदं बहुधा अशीच असतात. पण वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला असाल, तर तिथे एपीक्यूपी, पीपीएपी, एफएमईए, एसपीसी आणि एमएसए ही दर्जा सांभाळण्याच्या पाच पद्धतींची नावं पुन्हापुन्हा दिसतील. मेंटेनन्सच्या जाहिरातीत पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण), टूलरूमच्या जाहिरातीत कॅड-कॅम (संगणकावर डिझाइन आणि उत्पादन). यांचे कोर्स आठवड्यांत किंवा महिन्यांत होतात. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या संस्थेत यंत्रावर हात बसवून मिळतो. नुसत्या पीडीएफ प्रमाणपत्राला मुलाखतीत किंमत नाही. ‘तुमच्या लाइनचा सीपीके किती?’ (म्हणजे माल ठरलेल्या मापात किती नेमका बसतो) या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणारा पुढे जातो.

डिग्रीच हवी असेल, तर रस्ते दोन. पहिला, थेट दुसऱ्या वर्षाला पूर्णवेळ प्रवेश. यात नोकरी सोडावी लागते. फी दिसते, पण तीन वर्षांचा बुडालेला पगार हिशोबात कोणी धरत नाही. महिना २५,००० हातात येत असतील, तर ते ९ लाख होतात. वय २१-२२ आणि घरी आधार असेल तरच हा रस्ता. दुसरा, नोकरदारांसाठीचा बी.टेक. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२३ मध्ये याला परवानगी दिली. वर्ग संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळी भरतात, डिप्लोमावाल्याला दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. सगळ्या कॉलेजांत ही सोय नाही, म्हणून त्या वर्षीच्या मान्यतेच्या पत्रात तुमच्या शाखेचं नाव आहे का ते स्वतः बघा. आयटीआयवाल्यांनाही वाट आहे : दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला असेल, तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

संध्याकाळच्या वर्गाला खरा अडसर फीचा नसतो, शिफ्टचा असतो. शिफ्ट फिरती असेल तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वर्ग पूर्ण बुडतो. प्रवेश घेण्याआधी एचआरला लेखी अर्ज द्या : जनरल किंवा फर्स्ट शिफ्ट मिळावी आणि शिक्षणासाठी ना-हरकत पत्र मिळावं. तोंडी ‘बघू’वर फी भरू नका. सुपरवायझर बदलला की ते ‘बघू’ त्याच्याबरोबर जातं. पुढे कंपनी बदलतानाही अंतर मोजा. कॉलेज पिंपरीत आणि नवी नोकरी रांजणगावला असेल, तर पगार वाढला तरी सहाचा तास गाठता येणार नाही.

एक रस्ता रस्ताच नाही : पत्राद्वारे बी.टेक. दूरशिक्षणातून अभियांत्रिकीची पदवी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. ‘फक्त परीक्षेला या, दीड वर्षात डिग्री’ असं सांगणारा एजंट पैसे घेतो, आणि पडताळणीत नोकरी तुमची जाते. बी.कॉम., बी.ए., एम.बी.ए. यांचं तसं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू इथली मान्य पदवी चालते. फक्त तो अभ्यासक्रम यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) दूरशिक्षण विभागाच्या यादीत असल्याची खात्री करा. स्पर्धा परीक्षेला ‘कोणत्याही शाखेची पदवी’ एवढीच अट असेल, तर हा सर्वांत स्वस्त मार्ग.

कंपनी बदलताना बायोडेटा लिहायला घेतला की तारखांचा गुंता होतो. ‘रेग्युलर’ डिग्री आणि पूर्णवेळ नोकरी एकाच काळात दाखवली, की पडताळणी करणारा एजन्सीवाला बोट ठेवतोच. संध्याकाळचा वर्ग असेल तर बायोडेटात तसं लिहा. कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर असाल, तर मालक म्हणून कंत्राटदाराचं नाव लिहा आणि काम कुठल्या कारखान्यात केलं ते पुढे. तुमच्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) कंत्राटदाराचंच नाव दिसतं. मोठ्या कंपनीचं नाव वर लिहून मिळालेली ऑफर नंतर मागे घेतली जाते.

ऑफर आली की सीटीसीला, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चाला, १२ ने भागू नका. समजा सीटीसी ६ लाख आहे. त्यात ६०,००० कामगिरीवर अवलंबून. मूळ वेतन वर्षाला ३ लाख धरलं आणि पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापत असतील, तर कंपनीचा पीएफ ३६,००० आणि नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी सुमारे १४,४३०. राहिले ४,८९,५७०, म्हणजे महिना जवळपास ४०,८००. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला, की हातात साधारण ३७,६००. पन्नास हजार नव्हेत. बस, कॅन्टीन आणि ओव्हरटाइमचा दर वेगळा विचारा. आजच्या कंपनीत बस-कॅन्टीन फुकट असेल तर पगारवाढीतला बराच भाग तिकडेच जिरतो.

राजीनाम्याची तारीख ठरवताना रुजू झालेली तारीख काढा. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं लागतात. शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २४,००० असेल, तर २४,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे ६९,२३०. चार वर्षं दहा महिन्यांवर घाईने सोडलंत तर ही रक्कम वादात पडते. अशा वेळी नव्या कंपनीकडे दोन महिने मागा, बहुतेक देतात. मुदतीच्या करारावर असाल, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही पात्रता एका वर्षावर आली आहे.

ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय राजीनामा नाही. राजीनामा ईमेलने द्या, म्हणजे तारीख नोंदली जाते. नोटीसच्या दिवसांचे पैसे भरून लवकर निघायचं असेल, तर कपात मूळ वेतनावर की पूर्ण पगारावर, हे नेमणूकपत्रात वाचा. दोन्हींत निम्म्याचा फरक पडू शकतो. निघताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या आणि फुल अँड फायनलचा हिशोब घ्या. त्या आर्थिक वर्षातलं आधीचं उत्पन्न नव्या कंपनीला कळवा, नाहीतर दोन्हीकडे नव्या करप्रणालीतली ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली जाते आणि विवरणपत्र भरताना कर अंगावर येतो.

पीएफ काढू नका, नव्या कंपनीच्या खात्यात वळता करा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि सोबत पेन्शनची रक्कमही काढली तर पेन्शनला लागणारी दहा वर्षं पुन्हा शून्यापासून मोजावी लागतात. पीएफ वळता करण्याचा अर्ज फेटाळला जातो तो बहुधा आधार आणि यूएएनवरच्या नावात किंवा जन्मतारखेत फरक असल्यामुळे, म्हणून ती दुरुस्ती जुन्या कंपनीत असतानाच करून घ्या. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य पोर्टलवर ती तुम्हाला स्वतः टाकता येते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मात्र तोवर चालू ठेवा.