डॅकसह येणारा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा

इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे उपकरण निवडणे, आवाज कमी-जास्त करणे आणि स्पीकर चालवणे ही कामे एकाच पेटीत करणारे यंत्र, आणि डॅक म्हणजे अंकांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे सलग विद्युतलहरीत रूपांतर करणारा भाग. डॅकसह येणाऱ्या अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत डॅकच्या चिपचे नाव आणि ‘३२ बिट, ३८४ किलोहर्ट्‌झ’ यांसारखे, ध्वनी किती बारकाईने आणि सेकंदाला किती हजार वेळा मोजला हे सांगणारे आकडे सर्वांत वर असतात. निवड करताना मात्र ते सर्वांत शेवटी पाहावेत. डॅक आज माफक किमतीच्या यंत्रातही पुरेसा चांगला मिळतो. अ‍ॅम्प्लिफायर आपले स्पीकर नीट चालवतो का आणि आपली उपकरणे त्याला जोडता येतात का, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

पहिली पायरी स्पीकरची. स्पीकरच्या माहितीपत्रकातून दोन आकडे टिपून घ्यावेत: संवेदनशीलता डेसिबलमध्ये आणि रोध, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा (इम्पिडन्स), ओहममध्ये. संवेदनशीलता ८६ डेसिबल असेल, तर साधारण १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलसाठी शक्ती दुप्पट लागते आणि १० डेसिबलसाठी दहापट. म्हणूनच ४५ आणि ८५ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक ३ डेसिबलपेक्षाही कमी असतो, आणि केवळ त्यासाठी बरेच जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटत नाही. उलट ८६ ऐवजी ९० डेसिबलचे स्पीकर घेतले, तर तेवढ्याच आवाजाला निम्म्याहूनही कमी शक्ती पुरते. बैठकीच्या मध्यम आकाराच्या खोलीत नेहमीचे ऐकणे एखाद-दोन वॅटमध्ये भागते. उरलेली शक्ती पखवाजाच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी राखीव लागते, आणि ती कमी पडली की आवाज फाटतो.

वॅटचा आकडा कोणत्या अटींवर दिला आहे, तेही वाचावे. ८ ओहम रोध, २० ते २०,००० हर्ट्‌झचा पूर्ण पट्टा, डावी-उजवी दोन्ही बाजू एकाच वेळी चालू आणि विकृती, म्हणजे मूळ ध्वनीत होणारा बिघाड (डिस्टॉर्शन), एक टक्क्याहून बरीच कमी, अशा अटींवर दिलेला आकडा विश्वासार्ह मानावा. १ किलोहर्ट्‌झ या एकाच स्वरावर आणि १० टक्के विकृतीवर मोजलेला आकडा फुगलेला असतो. स्पीकर ४ ओहमचे असतील तर त्या रोधाला किती वॅट मिळतात, याची वेगळी नोंद शोधावी. मॅरँट्झच्या पीएम ६००७ साठी ८ ओहमला ४५ आणि ४ ओहमला ६० वॅट असे दोन्ही आकडे दिलेले आहेत. जिथे ४ ओहमचा उल्लेखच नाही, तिथे विचारून खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसऱ्या पायरीला घरातील सर्व उपकरणांची यादी कागदावर लिहावी आणि प्रत्येकासमोर त्याला लागणारी जोडणी लिहावी. माझ्या मते सर्वाधिक चुकीच्या खरेदी इथेच टळतात, कारण बाहेरून सारखी दिसणारी यंत्रे मागच्या बाजूने फार वेगळी असतात. ऑडिओलॅब ६०००ए मध्ये टर्नटेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठी, फोनो इनपुट आहे, पण संगणकावरून संगीत घेणारे यूएसबी नाही. केंब्रिज ऑडिओच्या सीएक्सए ६१ मध्ये ते यूएसबी आहे, पण फोनो नाही. यामाहाच्या ए-एस ३०१ मध्ये ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेने) व कोअ‍ॅक्शियल (धातूच्या तारेने) या दोन डिजिटल जोडण्या आणि फोनो असे तिन्ही आहेत, परंतु संगणक थेट जोडता येत नाही. शिवाय बहुतेक स्वस्त यंत्रांतील फोनो इनपुट फक्त मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजसाठी (रेकॉर्डवरच्या सुईच्या भागासाठी) असते. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा संकेत खूप क्षीण असल्याने त्याला वेगळी सोय लागते.

दूरदर्शन संच ऑप्टिकलने किंवा एचडीएमआय एआरसीने, म्हणजे संचाचा ध्वनी एचडीएमआय केबलमधून बाहेर देणाऱ्या सोयीने, जोडता येतो. एआरसीमुळे संचाच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो, आणि घरातील ज्येष्ठांना ही सोय मोलाची वाटते. ऑप्टिकलमध्ये विद्युत जोडणी नसल्याने सेट-टॉप बॉक्स किंवा केबलमुळे येणारी घरघर टळते. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर सहसा डॉल्बीचा (अनेक स्पीकरसाठीच्या सांकेतिक ध्वनीचा) संकेत उलगडू शकत नाहीत, म्हणून संचाच्या सेटिंगमध्ये ध्वनी ‘पीसीएम’ या साध्या डिजिटल रूपावर ठेवावा, तसे न केल्यास मुळीच आवाज येत नाही आणि यंत्र बिघडल्याचा समज होतो. ब्लूटूथबद्दल एवढेच की आयफोन ध्वनी पाठवण्यासाठी एएसी ही पद्धत वापरतो, त्यामुळे आयफोनधारकाने एलडॅक किंवा अ‍ॅप्टेक्स या दुसऱ्या पद्धतींसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

आता डॅककडे वळावे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे प्रमाण १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ आहे, आणि उच्च दर्जाचे म्हणून मिळणारे बहुतेक संगीत २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झपर्यंतच असते. त्यापुढच्या क्षमतेचा रोजच्या ऐकण्यात उपयोग होत नाही. एकच चिप असलेली दोन यंत्रेही वेगळी वाजू शकतात, कारण चिपचा वीजपुरवठा आणि तिच्यानंतरचे सर्किट प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने करतो. डिजिटल जोडण्या लवकर जुन्या होतात, तर चांगला अ‍ॅम्प्लिफायर वीस वर्षेही टिकतो. म्हणून यादीतील सर्व उपकरणे जोडून झाल्यावर किमान एक अ‍ॅनालॉग (सलग विद्युतलहर घेणारे) इनपुट मोकळे राहील असेच यंत्र घ्यावे, म्हणजे पुढे बाहेरून नवा डॅक जोडता येतो.

यादी दोन-तीन यंत्रांपर्यंत आली की प्रत्यक्ष ऐकावे, शक्य असल्यास आपलेच स्पीकर नेऊन. सर्व यंत्रांचा आवाज सारख्या पातळीवर आणण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर नेहमीच अधिक चांगला भासतो. आपल्या परिचयाचे ध्वनिमुद्रण निवडावे: तंबोऱ्याची आस विरेपर्यंत सलग ऐकू येते का, डग्ग्याचा घुमारा गायकाचा स्वर झाकतो का, आणि आवाज अगदी कमी केल्यावर दोन्ही बाजूंचा समतोल टिकतो का, हे तपासावे. सर्व चाचण्या मोठ्या आवाजात करू नयेत. घरी रात्री आपण हळूच ऐकणार असतो.

पैसे देण्यापूर्वी मागच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ असे लिहिलेले आहे ना, ते पाहावे. अमेरिकेहून नातेवाइकांकरवी मागवलेले १२० व्होल्टचे यंत्र इथल्या वीजपुरवठ्यावर थेट जोडल्यास जळते, आणि परदेशातील हमी इथे लागू होईलच असे नाही. भारतातील अधिकृत विक्रेत्याचे बिल आणि शहरातील दुरुस्ती केंद्राचा पत्ता खरेदीच्या वेळीच मागून घ्यावा. यंत्र ठेवायची जागाही आधी मोजावी: एबी वर्गाचे, म्हणजे प्रचलित मांडणीच्या सर्किटचे, अ‍ॅम्प्लिफायर चांगलेच तापतात, तेव्हा वर काही इंच मोकळी जागा नसलेल्या बंद कपाटात ते ठेवू नयेत.