सेल गळतो का आणि घ्यावा कोणता

दुरुस्तीला आलेल्या रिमोटचं झाकण उघडलं की बऱ्याचदा स्प्रिंगवर पांढरा, खरखरीत थर दिसतो. सर्किट ठणठणीत, पण गळलेल्या सेलनं संपर्क खाल्लेला. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड, मँगनीज डायऑक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. त्या द्रावणात जस्त हळूहळू गंजतं आणि हायड्रोजन सुटतो. पूर्वी हे रोखायला पारा घालत. तो आता नसतो. सेल संपल्यावरही उपकरण करंट ओढत राहिलं, तर वायू भराभर वाढतो. दाब फार झाला की वजा टोकाकडचं सील फाटतं. ते तसंच बनवलेलं असतं, नाहीतर अख्खा सेलच फुटेल. बाहेर आलेलं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याचे पांढरे खडे होतात.

म्हणूनच नवा-जुना सेल एकत्र घालू नका. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून करंट रेटत राहतो, जुन्याचे ध्रुव उलटतात आणि तो गळतो. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच कंपनीचे.

घेताना आवरणावरचा कोड वाचा. ‘एलआर६’ म्हणजे पेन्सिल आकाराचा अल्कलाइन. नुसतं ‘आर६’ असेल तर कार्बन-झिंक. तो हातात हलका लागतो. त्याचा जस्ताचा डबाच वापरात झिजत जातो, त्यामुळे तोही गळतो. भिंतीवरच्या घड्याळाला तो पुरतो. मोटारीच्या खेळण्याला अल्कलाइनच हवा. मुदतीची तारीखही बघा.

दोन कंपन्यांचे सेल ताडून बघायचे तर नुसते व्होल्ट मोजून भागत नाही. नवा सेल १.५ ते १.६ दाखवतो, पण अर्धा संपलेलाही मोकळा असताना बरा आकडा देतो. मी टोकांना १० ओहमचा रेझिस्टर लावून मोजतो. आकडा १.२ च्या खाली घसरला की तो सेल संपत आला.

महिनोन् महिने न वापरायच्या वस्तूतले सेल काढूनच ठेवा. आणीबाणीच्या टॉर्चमध्ये, तिच्या पुस्तिकेत चालतो म्हटलं असेल तर, १.५ व्होल्टचा लिथियम सेल घाला.

गळलाच तर हातमोजे घाला; तो रस कातडी आणि डोळे भाजतो. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन थरावर टेकवा. बारीक फेस येईल. फेस थांबेपर्यंत पुसा, मग ओलसर कापडानं व्हिनेगरही काढा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग हिरवी पडली असेल तर बारीक पॉलिशपेपरनं चकाकेपर्यंत घासा.