हललेला, फुटलेला, पट्टे पडलेला: रात्रीचे आणि प्रवासातले फोटो बिघडतात कुठे?

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की सोलापुरातल्या हौशी छायाचित्रकारांमध्ये एकच तक्रार फिरू लागते. फोटो नीट आले नाहीत, तेव्हा आता कॅमेरा बदलायला हवा, असे प्रत्येकाचे म्हणणे असते. यांतले बहुतेक कॅमेरे निर्दोष असतात आणि बिघडलेल्या फोटोतच बिघाडाचे कारण दिसत असते, पण ते वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. कॅमेरा विकायला काढण्यापूर्वी फोटो संगणकावर पूर्ण आकारात उघडावा आणि ‘चांगला आला नाही’ एवढ्यावर न थांबता त्यात नेमके काय चुकले आहे ते पाहावे. रात्रीच्या छायाचित्रणातील निम्मे काम या एका सवयीने होते.

अस्पष्टता तीन प्रकारची असते

फोटोतले दिवे, माणसे, मागची इमारत असे सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला आहे. इमारतीचे दगड स्पष्ट आहेत आणि समोरून जाणारा माणूस तेवढा पुसट झाला आहे, असे असेल तर हात स्थिर होता, पण शटर त्या माणसाच्या गतीला पुरेसे वेगवान नव्हते. स्थिर उभा असलेला माणूस पुसट आणि त्याच्यामागची दुकानाची पाटी मात्र लख्ख, असे दिसले तर फोकस चुकला आहे. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. लेन्समधले स्थिरीकरण फक्त हाताचे हलणे सावरते, चालत्या माणसाला ते थांबवू शकत नाही. दुकानात स्थिरीकरणाची एवढी महती ऐकवली जाते की लोक यात्रेच्या गर्दीत १/१५ सेकंदाला फोटो काढतात आणि मग लेन्सला दोष देतात.

हातात कॅमेरा धरून काढताना शटरचा वेग निदान लेन्सच्या लांबीएवढा (म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याएवढा, ५० मिमीला १/५० सेकंद) ठेवावा, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्या लांबीला दीडने गुणावे लागते, म्हणून ५० मिमीच्या लेन्सला १/८० सेकंद ही खालची मर्यादा ठरते. चालत्या माणसासाठी मी १/२५० च्या खाली जात नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत याहून बारीक अडचण येते. ध्वज पेलणारा मानकरी संथ पावले टाकत असतो आणि त्याच्याकडे पाहून आपण शटर संथ ठेवतो. परंतु काठी उंच असल्यामुळे खाली दोन बोटे हेलकावा बसला तर वरचे टोक हातभर सरकते. परिणामी मानकऱ्याचा चेहरा स्पष्ट येतो आणि ध्वजाचा सजवलेला माथा मात्र पुसट होतो. येथे शटरचा वेग माणसाच्या नव्हे, तर काठीच्या टोकाच्या गतीवरून ठरवावा लागतो.

आयएसओची अनाठायी भीती

आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा, वाढवला की फोटो ‘फुटतो’, ही समजूत अर्धीच खरी आहे. रात्रीच्या फोटोत दिसणारे दाणे मुख्यतः सेन्सरवर कमी प्रकाश पडल्यामुळे येतात, आकडा मोठा असल्यामुळे नव्हे. म्हणून ४०० आयएसओवर काळोखा काढलेला फोटो घरी संगणकावर उजळवला, की तो १६०० वर योग्य उजेडात काढलेल्या फोटोपेक्षा अधिक फुटलेला दिसतो, आणि फोन किंवा जेपेग असेल तर सावलीतले रंगही मळकट होतात. दाणेदार पण स्पष्ट फोटो छापता येतो, हललेल्या फोटोचे काहीच करता येत नाही.

खरोखर पैसे खर्च करायचेच असतील, तर ते बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, न करता लेन्सवर करावेत. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. कोणत्याही नव्या बॉडीने एवढा फरक पडणार नाही.

पट्टे, लुकलुक आणि बदलते रंग

गड्ड्यावरचे पाळणे, खेळण्यांची दुकाने आणि खाऊचे स्टॉल यांच्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे दिसतात आणि कार्ड किंवा सेन्सर खराब झाल्याचा संशय येतो. कारण वेगळेच असते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० सेकंदाच्या शटरला त्यातला एखादाच तुकडा सापडतो. शटर १/१०० किंवा १/५० वर आणले की प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तन सामावते आणि पट्टे नाहीसे होतात. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर अशा दिव्यांखाली हमखास पट्टे आणते, म्हणून ते बंद ठेवावे. कॅमेऱ्यात लुकलुक टाळण्याची सोय असेल तर ती सुरू करावी आणि व्हिडिओची आवर्तता ५० हर्ट्झवर आहे ना, हे पाहावे. जाहिरातींचे मोठे एलईडी फलक मात्र या हिशोबाला जुमानत नाहीत. तेथे शटर थोडेथोडे बदलत पडद्यावर पाहत जाणे एवढाच मार्ग उरतो.

हीच अडचण यंत्रमागाच्या कारखान्यात दिवसाढवळ्या येते. चादरी-टॉवेलच्या शेडमध्ये उजेड ट्यूबलाइटचा असतो; आडवा धागा नेणारा धावता धोटा गोठवायचा म्हणून शटर १/१००० ला नेले, की लागोपाठच्या फोटोंपैकी एक उजळ, दुसरा काळोखा आणि तिसरा तांबूस येतो. माझ्या मते तेथे १/१०० वर राहावे आणि धोटा पुसट होऊ द्यावा, कारण मागाची गती त्या पुसटपणातूनच दिसते; विणकराचा हात आणि ताण्याचे धागे स्पष्ट असले की पुरे. शेडमध्ये कापसाचे बारीक तंतू सतत उडत असतात, त्यामुळे तेथे लेन्स बदलण्याचा मोह टाळावा.

रंगांचे म्हणाल, तर एका बोळात पांढरा एलईडी, दुसऱ्यात जुना पिवळा सोडियमचा दिवा आणि दुकानात हिरवट ट्यूब असताना दिव्याच्या रंगानुसार छटा सावरणारा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोत मत बदलतो. एका ठिकाणी तो एका आकड्यावर बांधून ठेवावा आणि शक्य तेथे रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढावे. सोडियमच्या प्रकाशात निळा-हिरवा भाग इतका कमी असतो की कोणतेही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही; असा फोटो कृष्णधवल करावा.

पांढरी बाराबंदी आणि काळे आकाश

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतल्या भाविकांची दाटी असते. मापक त्या पांढऱ्याला करडे करू पाहतो आणि चेहरे काळवंडतात. तेथे एक ते दीड स्टॉप वाढवावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). रात्री उलटे घडते, कारण काळ्या आकाशाला करडे करण्याच्या खटपटीत दिवे आणि चेहरे पांढरेफटक होतात, म्हणून एक स्टॉप कमी करावा. हा अंदाज पडद्यावरच्या चित्रावरून बांधू नये, कारण अंधारात काळोखा फोटोही पडद्यावर तेजस्वी भासतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख, पाहावा.

मे महिन्यात अडचण वेगळी असते. सोलापूर साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर असल्याने त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे दिसतात. अशा वेळी एखाद्या चुन्याच्या भिंतीसमोरच्या सावलीत माणसाला उभे करावे, भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्याला पुरतो. इमारतींसाठी तर दुपार सोडूनच द्यावी. इंद्रभुवनसारखी वास्तू किंवा तळ्याच्या पाण्यात पडलेले सिद्धेश्वर मंदिराचे प्रतिबिंब सूर्यास्तानंतरच्या वीसपंचवीस मिनिटांत उत्तम येते, कारण तेव्हा आकाशात निळाई शिल्लक असते आणि दिवेही लागलेले असतात. संक्रांतीच्या सुमारास ही वेळ सव्वासहा ते साडेसहा अशी येते. पूर्ण अंधार पडल्यावर पोहोचणाऱ्यांना फक्त काळे आकाश आणि जळलेले दिवे मिळतात.

शोभेच्या दारूकामासाठी ट्रायपॉड, १०० आयएसओ, एफ/११ च्या आसपासचे छिद्र आणि दोन ते सहा सेकंदांचे शटर पुरते. येथे तीन गोष्टी विसरल्या जातात. ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद करावे, पहिल्या बाणावर फोकस साधून तो हाताने बांधावा आणि वाऱ्याच्या दिशेच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे धूर आपल्याकडे येणार नाही अशा ठिकाणी उभे राहावे. लेन्सवरचा संरक्षक काचफिल्टरही रात्री काढून ठेवावा, दिव्यांची हिरवट भुते (खोटी प्रतिबिंबे) बहुतेकदा त्याच्यामुळे उमटतात.

ताऱ्यांसाठी शहराबाहेर जाणाऱ्यांनी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. ठळक तारा पडद्यावर मोठा करून फोकस लावावा. ५०० ला लेन्सच्या दीडपट लांबीने भागले की १८ मिमीसाठी सुमारे १८ सेकंद मिळतात, त्यापलीकडे तारे लांबट होतात.

प्रवासात

पावसाळ्यात वातानुकूलित डब्यातून स्थानकावर उतरताच कॅमेरा बाहेर काढला, की थंड काचेवर दमट हवेचे बाष्प जमते आणि फोटो धुक्यात काढल्यासारखे येतात. काच पुसून उपयोग नसतो, ती पुन्हा धुरकट होते. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. विमानाने जाताना जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक स्मारकांत कॅमेऱ्याला आडकाठी नसली तरी ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते, ती दारात उभे राहून मिळत नाही. अनोळखी माणसाचा जवळून फोटो घेण्याआधी विचारावे. विचारल्याने सहजपणा जातो असे म्हणणाऱ्यांनी दोन मिनिटे गप्पा मारून पाहाव्यात.

जागा संपली म्हणून उभ्या उभ्या पडद्यावर पाहून फोटो पुसत बसू नये. अंधारात घाईने पुसताना हमखास चांगला फोटो जातो. त्यापेक्षा एका मोठ्या कार्डाऐवजी दोन मध्यम कार्डे बाळगावीत, रोज रात्री मुक्कामी त्यांची प्रत दुसरीकडे उतरवावी आणि दोन ठिकाणी प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.